दोन परस पाणी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या शहरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत जातात, आणि माझ्या खोलीच्या दारात कुणीतरी विद्यार्थी नियमावली घेऊन उभा राहतो. पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांची स्पर्धा असते, तिची नियमावली. मी तंत्रनिकेतनात शिकवते, आणि मीही एका वर्षी त्या स्पर्धेत उतरले होते, हे मुलांना कसं कोण जाणे, ठाऊक असतं. यंदा आलेल्या मुलीनं निम्म्या ओळी पिवळ्या रंगवून आणल्या होत्या. इतके नियम कशाला, यंत्र चाललं म्हणजे झालं ना, असं तिचं म्हणणं. मी तिला बसवलं. खिडकीबाहेर नव्या इमारतीसाठी बोअर घेणं चाललं होतं. यंत्राचा आवाज थांबेना, आणि पांढरी धूळ उडत होती. नुसती धूळ. ओल लागलेली नव्हती.

त्या धुळीकडे पाहताना मला आमचा तो उन्हाळा आठवला.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. तरी शहर वाढतच होतं. वाळूजकडे शेड उभे राहत होते, शहरालगतच्या सातारा गावाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती पोचल्या होत्या, आणि प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. लांबून पाहिलं की वाटायचं, एवढ्या टाक्या आहेत म्हणजे पाणी असेलच. टाकीवर बोट वाजवलं की कळायचं.

अशा वर्षात आम्ही तिघांनी पाण्याखाली चालणारं यंत्र करायला घेतलं, याला वेडेपणाच म्हणायला हवं. तिघं म्हणजे मी, नंदा आणि फरहान. नंदा वैजापूर तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातली, वसतिगृहात राहायची. बोलायची कमी आणि हातानं काम फार नेटकं करायची. फरहानच्या वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, त्यामुळे मोटार कानाशी धरून तिचं दुखणं सांगणं त्याला लहानपणापासून येत होतं. मला इंग्रजी बरं यायचं, म्हणून नियम वाचून दोघांना समजावणं माझ्याकडे. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर बसून मी एकेक कलम मराठीत सांगायचे, नंदा वहीत उतरवून घ्यायची, आणि फरहान मध्येच म्हणायचा, "हौ, आगे बोल."

नियम कडक होते. यंत्र ठरावीक चौकटीत बसलं पाहिजे. वीज बारा व्होल्टच्या वर नको. पाण्यात तेलाचा तवंग दिसला की संघ बाद. तपासणीत दोनदाच संधी. यंत्राला वायरीची लांब दोरी असते, पण ती धरणाऱ्यानं यंत्र ओढायचं नाही, नुसती सैल सोडायची. आणि चालवणाऱ्यानं पाण्याकडे पाहायचंच नाही. पाठ करून बसायचं, कॅमेऱ्यातून पडद्यावर जे दिसेल तेवढ्यावरच चालवायचं. मला हा शेवटचा नियम फार आवडला होता. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

प्लास्टिकच्या नळ्या कापून आम्ही सांगाडा केला. चार छोट्या मोटारी ग्रीसनं भरलेल्या डब्यांत बसवल्या. समोर कॅमेरा, आणि नंदानं सायकलच्या ब्रेकची तार वापरून केलेला एक चिमटा. चार बाजूंना चार मोटारी आणि पुढे मान काढलेला कॅमेरा, म्हणून आम्ही त्याला कासव म्हणायला लागलो. बादलीत ते बुडत होतं आणि वर येत होतं. एवढ्यावर आम्ही खूश होतो.

मग मी नवव्या पानावरचा नियम वाचला. निवडीसाठी चित्रफीत पाठवायची, आणि तिच्यात यंत्र किमान दहा फूट खोल पाण्यात काम करताना दिसलं पाहिजे. खाली जबाबदार व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही.

दहा फूट पाणी. नंदानं पेन खाली ठेवलं. तिच्याकडे विहिरीचं पाणी परसात मोजतात, हात वर केलेला उभा माणूस म्हणजे एक परस. "दोन परस पाणी पायजे," ती म्हणाली, "एवढं पाणी मी दोन वर्सांत पाह्यलं नाय."

आम्ही शोध घेतला. पोहण्याचे तलाव बंद होते. एकाच्या तळाशी फरशा तडकल्या होत्या आणि खोल बाजूला कुणी सायकली लावून ठेवल्या होत्या. कॉलेजच्या हौदात गुडघाभर गढूळ पाणी होतं. एका नव्या गृहसंकुलाच्या भूमिगत टाकीसाठी फरहाननं रखवालदाराला गाठलं, तर त्यानं झाकण उघडून दाखवलं. आत आमचाच आवाज घुमला. आणि त्याच आठवड्यात वसतिगृह बंद झालं. पाणी नाही, तेव्हा मुलींनी घरी जावं, परीक्षेला यावं, अशी सूचना लागली. नंदा पत्र्याची पेटी घेऊन गावी गेली. आमच्या सरांनी समजूत घातली की पुढच्या वर्षी बघू. फरहानही ढिला पडला. मी नाही म्हणाले. पुढच्या वर्षी पाऊस पडेल, असं कुणी सही करून दिलं नव्हतं.

चार दिवसांनी नंदाचा फोन आला. तिच्या गावात जुना आड होता, आड म्हणजे अरुंद, खोल विहीर. त्याचे झरे आटले होते, पण त्या उन्हाळ्यापासून सरकारी टँकर दिवसाआड येऊन त्यात पाणी ओतायचा आणि गाव ते शेंदून न्यायचं. टँकर रिकामा झाला की तासभर पाणी गढूळ असायचं. गाळ बसेपर्यंत कुणी शेंदत नसे. "त्या टायमाला दोन परस असतंय," नंदा म्हणाली. "या. पण लोकांना मीच इचारीन. तुमी काय बोलू नका."

कासवाला पोत्यात घालून आम्ही एसटीनं निघालो. दौलताबादचा किल्ला मागे पडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. वैजापूरपासून पुढे जीप. नंदा फाट्यावर उभी होती, बरोबर तिचे चुलते, तात्या. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. त्यांनी पोत्यात हात घालून कासव चाचपलं, कोकराची फासळी पाहावी तसं, आणि ते उचलून चालायला लागले.

आडावर बायका हंडे लावून बसल्या होत्या. नंदानं त्यांना सगळं सांगितलं, स्पर्धा काय, यंत्र काय. त्या ऐकत होत्या. मग एका वयस्कर बाईनं, जिच्या शब्दाला तिथं मान असावा, डब्याला बोट लावून बघितलं. बोट काळं झालं. "हे काय?" फरहान म्हणाला, ग्रीस. "हे आमच्या पाण्यात?" तिनं विचारलं. नियमावलीत तवंग दिसला तर बाद, एवढंच होतं. तवंग न दिसणारं ग्रीस चालत होतं. त्या बाईला मुळात ग्रीसच चालत नव्हतं.

तिनं आणखीही सांगितलं. यंत्र आधी उकळत्या पाण्यानं धुवायचं, आणि ते धुण्याचं पाणी तुम्ही तुमच्या वाट्याचं आणायचं. आत सोडायचं ते गाळ बसेपर्यंतच. बाहेर काढल्यावर त्याच्यावरून जे पाणी निथळेल, ते मातीत सांडायचं नाही, कोकरं ज्यात पाणी पितात त्या दगडी डोणीत जाऊ द्यायचं. मी नंदाच्या वहीतलं पान फाडून हे सगळं लिहून घेतलं. स्पर्धेच्या वीस पानांपेक्षा हे अर्धं पान मला अवघड वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या एकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुजं आडनाव काय?"

हा प्रश्न कशासाठी असतो, ते मला ठाऊक आहे. फरहानचं नाव त्यांनी आधीच ऐकलं होतं आणि त्यावर कुणी बोललं नव्हतं. पण विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलीला आडनाव विचारलं जातं, तेव्हा त्या प्रश्नामागे फार मोठी रांग उभी असते. मी आडनाव सांगितलं. पूर्ण, आणि स्वच्छ आवाजात. माझ्या गळ्यात निळ्या दोऱ्यातलं लहानसं पदक होतं, ते मी ओढणीच्या वर घेतलं.

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. नंदा काहीतरी बोलणार होती, पण तात्या आधी बोलले. आवाज न चढवता. "टँकर कुटून येतो? त्याच्यात कुनी हात घातला, इचारलं का कुनी? गंज हाय, माती हाय, बेडकं हायत. ते समदं पितो आपन. ही पोरगी शिकायला आलीया. तिच्या हातानं पानी बाटनार असल तर माज्या मेंढरांनी कवाच बाटलंया."

शेवटचं वाक्य त्यांनी असं का म्हटलं, ते मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ती वयस्कर बाई हंड्यावरून उठली आणि म्हणाली, "परवा टँकर हाय. तवर ते काळं काढा."

दोन दिवस आम्ही तात्यांच्या अंगणात बसून डबे खरवडले. ग्रीस काढून आत काय भरायचं, हा प्रश्न होता. गावातल्या दुकानातल्या मेणबत्त्या आणून फरहाननं मेण वितळवलं, एकेका डब्यात ओतलं, थंड झाल्यावर मोटार फिरवून पाहिली. मेण कडक होतं, मोटार जड फिरत होती. "जोर कम होगा," तो म्हणाला. "पर वो नक्को बोली तो नक्को." मेण ओतायच्या आधीच, माझ्या आणि नंदाच्या वाट्याच्या आंघोळीच्या पाण्यात कासव उकळून निघालं होतं.

त्या दोन दिवसांत मला तात्यांच्या वाक्याचा अर्थ लागला. टँकरनं भरलेला आड दुसऱ्या दिवशी पहाटे निम्म्यावर आलेला असायचा. एवढं पाणी कुणी शेंदलेलं नसायचं. मग गावात ठरून गेलं होतं की मेंढरंवाले अंधारात पाणी काढून मेंढरांना पाजतात. तात्यांच्या घराशी बोलणं कमी झालं होतं. आडावर त्यांचा हंडा शेवटी लागायचा. नंदानं हे आम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगून काय? पाणी चोरलं नाय, हे दाखवायचं कसं?"

टँकर आला. पाण्याचा लोट आडात कोसळताना सगळं गाव नुसतं ऐकत होतं. गाडी गेल्यावर नंदानं कासव हळूहळू खाली सोडलं. मला पडदा पाहायचा होता, पण उन्हात काहीच दिसेना. तात्यांनी घोंगडी माझ्या डोक्यावरून टाकली. आत अंधार झाला, लोकरीचा आणि मेंढ्यांचा वास, आणि त्या अंधारात पडदा उजळला. बाहेर माझ्या पाठीशी आड होता आणि मला तो दिसत नव्हता. नियमात होतं अगदी तसं.

आधी नुसता गढूळ उजेड. मग दगडी बांधकाम, एकेक दगड. एक बुडालेली कळशी. फरहान बटणं दाबत होता, मी आतून डावीकडं, उजवीकडं सांगत होते. कासव तळाशी टेकलं आणि गाळ उठला. आम्ही मोटारी बंद करून तो बसायची वाट पाहिली. आणि तो बसेना. कण सरळ खाली यायला हवे होते, ते आडवे जात होते. सगळे एकाच बाजूला, हळूहळू, जत्रेतली माणसं एका वेशीकडं सरकावीत तसे. मी फरहानला त्या बाजूला जायला सांगितलं. दोन दगडांच्या मध्ये हाताची बोटं जातील एवढी भेग होती, आणि गाळ तिच्यात ओढला जात होता. कामाचा पुरावा म्हणून चिमट्यात धरून आत नेलेला चिंधीचा तुकडा आम्ही सोडला. तो भेगेला जाऊन चिकटला.

मी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं आणि नंदाला म्हणाले, "तू बघ."

ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. ती त्या वयस्कर बाईजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, आत बसा. पाणी कुटं जातंय ते बघा." मावशी आत बसल्या. मग दुसरी. मग आडनाव विचारणारी. बायका एकेक करून घोंगडीखाली जात होत्या आणि बाहेर येऊन आडात वाकून पाहत होत्या. पुरुषांमधून शेवटी सरपंच आले. तात्या एका बाजूला, डोणीजवळ उभे होते. त्यांच्याकडे येऊन कुणी माफी मागितली नाही. पण सरपंच परत जाताना त्यांच्यापाशी थांबले आणि भेग बुजवायला काय लागेल, असं त्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "चिकन माती, गोनपाट अन् थोडं शिमिट. पानी खाली गेलं की मीच उतरतो."

दुसऱ्या दिवशी, आडात कंबरभर पाणी असताना, ते उतरले. वर दोर धरायला गावातली माणसं होती. पुढच्या टँकरनंतर पहाटे आडात पाणी किती आहे ते बघायला निम्मं गाव आलं होतं. जेवढं शेंदलं होतं, तेवढंच कमी झालं होतं.

आता सही राहिली होती. जबाबदार व्यक्ती म्हणजे प्राध्यापक किंवा अधिकारी, असं आम्ही गृहीत धरलं होतं. मी नियम पुन्हा वाचला. त्यात तसं काही नव्हतं. मी कागद तात्यांपुढे ठेवला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, मेंढपाळ.

निवड झाली. मे महिन्यात आम्ही दक्षिणेतल्या समुद्रकाठच्या शहरात गेलो. तिथला तलाव निळा होता आणि काठोकाठ भरलेला, लाद्यांवरून पाणी वाहून जात होतं. फरहान त्याकडे पाठ करून पेटी उघडायला लागला. नंदा काठावर बसून हात बुडवून राहिली.

तपासणीच्या टेबलावर परीक्षकांनी आमचा कागद पाहिला आणि विचारलं, हे साक्षीदार कोण, यांचा यंत्रांशी संबंध काय. आवाजात कुत्सितपणा नव्हता, पण कागद बाजूला ठेवला गेला होता. मी नववं पान उघडून कलम वाचून दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, "इथं जबाबदार व्यक्ती असं लिहिलंय. अधिकारी असं लिहिलेलं नाही. या माणसाच्या गावातलं पिण्याचं पाणी त्या विहिरीत होतं. यंत्राकडून एक थेंब खराब झाला असता, तर जाब त्यांना द्यावा लागला असता. त्यांच्याहून जबाबदार माणूस आम्हाला सापडला नाही." परीक्षकांनी चष्मा काढला, कलम स्वतः वाचलं, आणि शिक्का मारला.

पहिल्या तपासणीत एका डब्यातून बुडबुडे आले. मेणाला प्रवासात तडा गेला होता. शेजारच्या संघानं ग्रीसची नळी पुढे केली. फरहाननं शुक्रिया म्हणून मान हलवली आणि मेणबत्ती पेटवली. दुसऱ्या तपासणीत आम्ही पार झालो.

पाण्यात पंधरा मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात तळाशी ठेवलेलं कडं उचलून वर आणायचं असतं. सहाव्या मिनिटाला एक मोटार बंद पडली आणि कासव एका जागी गोल फिरायला लागलं. मी पडद्यावर भिंत, तळ, भिंत, तळ पाहत होते. वायरीची दोरी नंदाच्या हातात होती. तिनं एक हलका हिसका दिला असता तर कासव सरळ झालं असतं, कदाचित कुणाला कळलंही नसतं. पाठीमागून मला फक्त तिचा आवाज आला, "दोरी सैल हाय. तुमी चालवा." फरहाननं त्या फिरण्याचाच उपयोग केला. प्रत्येक फेरीत थोडं थोडं सरकत, तो तळाच्या कड्यापर्यंत पोचला, चिमट्यात कडं पकडलं. घंटा व्हायच्या आत कासव कडं घेऊन वर आलं, स्वतःच्या जोरावर. आमचा नंबर खालून चौथा लागला. परतीच्या गाडीत तिघंही शांत झोपलो.

एक गोष्ट मी इथवर सांगितली नाही. ती मी तेव्हा फक्त आईला सांगितली होती. आई वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिचं लहानपण गंगापूरकडच्या एका खेड्यात गेलं. स्पर्धेहून परत आले त्या दुपारी ती भाकरी थापत होती आणि मी शेजारी बसून सगळं सांगत होते, तलाव, परीक्षक, कडं. ती ऐकत होती, पण तिचं मन आडापाशी अडकलं होतं.

"तिथं होतीस तवा पाणी कुणी शेंदलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की भेग बुजवल्यानंतरच्या पहाटे मी हंडा घेऊन गेले होते. आडनाव विचारणारी बाई रहाटावर होती. तिचा हंडा भरला, आणि मग तिनं दोर माझ्याकडे दिला. मी स्वतः शेंदलं. तिथंच ओंजळीनं प्याले.

आईचा हात परातीत थांबला. तवा तापून धूर यायला लागला होता.

"दोर कसा दिला?" तिनं विचारलं. "खाली टाकला, का हातात दिला?"

"हातात दिला," मी म्हणाले.